आधी शब्द की आधी ठेका?

या अंकात मिक्सिंगवरची, म्हणजे वेगवेगळे मुद्रित ट्रॅक एकत्र करून तोल साधण्यावरची, पाच पत्रं घेतली आहेत. उत्तरं आम्ही दोघांनी मिळून लिहिली आहेत. जिथे आमचं एकमत नाही, तिथे दोन्ही मतं दिली आहेत.

प्रश्न (डोंबिवली): घरी एक भावगीत ध्वनिमुद्रित केलं आहे. एकूण २४ ट्रॅक आहेत. एकेक ट्रॅक वेगळा ऐकला तर छान वाटतो, पण सगळे एकत्र लावले की मास्टरचा (एकत्रित आउटपुटचा) दिवा लाल होतो आणि शब्द बुडतात. मिक्सिंगची सुरुवात आवाजापासून करावी की तबल्यापासून?

उत्तर: आधी लाल दिव्याचं बघू. सारख्या पातळीचे दोन वेगवेगळे ट्रॅक एकत्र आले की बेरीज सुमारे ३ डेसिबलने चढते. २४ ट्रॅकना हाच हिशेब लावला तर चढ जवळपास १४ डेसिबलचा होतो. एकट्याने ऐकताना प्रत्येक ट्रॅक शून्याला टेकलेला असेल, तर एकत्र आल्यावर डोकं आपटणारच. मास्टरचा फेडर (पातळीची सरकपट्टी) खाली ओढला की दिवा विझतो, पण मधल्या प्लगइनमध्ये सिग्नल तसाच तापलेला राहतो आणि कॉम्प्रेसर (मोठे आवाज आपोआप दाबणारी साधनं) गरज नसताना दाबत बसतात. म्हणून प्रत्येक ट्रॅकचा क्लिप गेन (प्लगइनच्या आधीची पातळी) उतरवा. मीटरवर सरासरी उणे १८ डेसिबल आणि शिखरं उणे १०च्या आसपास आली की पुरे. ध्वनिमुद्रण २४ बिटमध्ये असेल तर एवढं खाली आणल्याने काहीच बिघडत नाही. तोल साधून झाल्यावर मास्टरवरची शिखरं उणे ६च्या आत असावीत.

आता सुरुवात कुठून, हा प्रश्न. यावर आमच्यात दोन मतं आहेत आणि दोन्ही पद्धतींनी चांगली गाणी मिक्स होतात.

पहिल्या पद्धतीत आवाजाचा फेडर शून्यावर ठेवायचा, बाकी सगळे बंद. मग चालीला धरून असलेलं वाद्य उघडायचं. बहुतेक वेळा ती पेटी किंवा गिटार असते. शब्दांच्या कडा पुसायला लागेपर्यंत ते वर न्यायचं आणि तिथून २ डेसिबल मागे यायचं. मग तबला, मग बेस, शेवटी व्हायोलिन, बासरीचे तुकडे वगैरे. भावगीताला ही पद्धत लागू पडते, कारण तिथे ऐकणारा शब्दांसाठीच बसलेला असतो. हिचा दोष असा की तबल्याला उरलेल्या जागेत बसावं लागतं. डग्ग्याचा घुमारा अंग चोरतो आणि गाणं कागदासारखं हलकं होतं.

दुसऱ्या पद्धतीत ताल आणि बेस यांचा पाया आधी. त्यांची एकत्रित शिखरं उणे १०ला आणायची आणि त्यावर आवाज बसवायचा. लावणी, कोळीगीत, पाय हलायला हवा असं काहीही असलं तर हाच रस्ता. इथे चूक वेगळी होते. ढोलकी आधीच भरदार असते, त्यामुळे आवाज तिच्यावर काढण्यासाठी ३ हजार हर्ट्झच्या आसपास उचलला जातो, थोडा अजून उचलला जातो, आणि दोन तासांनी गायिका पत्र्याच्या खोलीत उभी असल्यासारखी ऐकू येते.

तुमचं गाणं भावगीत आहे, तेव्हा पहिली पद्धत धरा. एकही प्लगइन न लावता, आउटपुट मोनो करून, एकाच लहान स्पीकरवर, बोलण्याच्या पातळीवर २० मिनिटं फक्त फेडर हलवा. मोनोमध्ये वाद्यं डावी-उजवीकडे पळू शकत नाहीत, त्यामुळे कोण कोणाला झाकतंय हे लगेच कळतं. हळू ऐकण्यालाही कारण आहे. मोठ्या आवाजात कान खर्ज आणि तार दोन्ही जास्त पकडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये हे वक्ररेषा काढून दाखवलं होतं. जोरात ऐकून केलेलं मिक्स हळू ऐकलं की पोकळ वाटतं ते यामुळेच.

आवाजावर एकच कॉम्प्रेसर जोरात लावण्याऐवजी दोन हलके लावा. पहिला चपळ: अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ ते ३ मिलिसेकंद, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४ला १, फक्त टोकं २-३ डेसिबल पकडणारा. दुसरा संथ: अटॅक २० ते ३०, रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) २०० मिलिसेकंदांच्या आसपास, रेशो २ला १. रिलीज फार चपळ ठेवला तर हरकतीच्या मधल्या स्वरांवर पातळी धापा टाकल्यासारखी खालीवर होते.

त्यानंतरचं काम हाताने करायचं आणि त्याला पर्याय नाही. मराठी गायकीत ओळीचं शेवटचं अक्षर सोडून देण्याची सवय असते. मुखड्याची ओळ ‘...चांदणे’वर संपत असेल, तर ‘चां’ ठणठणीत येतो, ‘द’ बरा येतो आणि ‘णे’ श्वासात विरतो. कॉम्प्रेसर हा ‘णे’ पुरेसा वर आणत नाही. आणला तर त्याच्या मागचा श्वासही तेवढाच वर येतो. ऑटोमेशनमध्ये (पातळीचे बदल जागेवार नोंदवायच्या सोयीत) फक्त तेवढं अक्षर दीड-दोन डेसिबल उचला आणि श्वास जिथे सुरू होतो तिथे पूर्ववत करा. तीन कडव्यांच्या गाण्यात अशा तीस-चाळीस जागा निघतील. अर्धा-पाऊण तास जाईल, पण शब्द कळण्यात जेवढा फरक याने पडतो तेवढा कुठल्याही ईक्यूने (कंप्रतांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) पडत नाही. शेवटी चाल कधीच न ऐकलेल्या माणसाला मुखडा आणि पहिलं कडवं लिहून काढायला सांगा. त्याचं जे अक्षर चुकेल, तिथे तुमचं काम बाकी आहे.

प्रश्न (लालबाग): आमच्या भजनी मंडळाचे अभंग देवळाच्या सभामंडपात चार माइकवर रेकॉर्ड केले. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज आणि टाळकऱ्यांचा समोर एक. टाळ इतके पुढे आलेत की बुवांचे शब्द कळत नाहीत. टाळांचा माइक पूर्ण बंद केला तरी फरक नाही. आवाजावर कॉम्प्रेसर लावला तर टाळ आणखीच वाढतात!

उत्तर: टाळांचा माइक बंद करूनही फरक पडत नाही, याचा अर्थ तुमच्या रेकॉर्डिंगमधला टाळांचा खरा माइक म्हणजे बुवांचा माइक. आणि कॉम्प्रेसरने टाळ वाढतात ते होणारच. कॉम्प्रेसर बुवांचा खडा स्वर ८ डेसिबल दाबतो, तुम्ही तेवढीच पातळी पुन्हा वर आणता, आणि बुवा श्वासाला थांबले की त्या फटीतून टाळ ८ डेसिबल वर उसळतात.

आधी असलेल्या रेकॉर्डिंगचं काय करता येईल ते पाहू.

आवाजावरचा कॉम्प्रेसर काढा. ओळी तुकड्यांत कापून प्रत्येक तुकड्याचा गेन हाताने सारखा करा. दोन ओळींच्या मधल्या फटी ५-६ डेसिबल उतरवा, पूर्ण बंद करू नका. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं साधन) लावून फटी शांत केल्या तर बुवा गायला लागले की टाळ अचानक उगवतात आणि थांबले की गायब होतात, ते जास्त खटकतं. हे सगळं झाल्यावर कॉम्प्रेसर हवाच असेल तर २ डेसिबलपेक्षा जास्त दाबू देऊ नका.

मग आवाजाच्या ट्रॅकवर डायनॅमिक ईक्यू, म्हणजे आवाज ठराविक पातळीच्या वर गेला तरच कापणारा ईक्यू. टाळांच्या ठोक्याचा बोचरा भाग साधारण ३ ते ८ हजार हर्ट्झमध्ये असतो, पण प्रत्येक जोडीचा स्वतःचा स्वर असतो. म्हणून अरुंद पट्टा १० डेसिबल उचलून हळूहळू सरकवा आणि जिथे कानाला सर्वांत जास्त बोचतं तिथे थांबा. तिथे उचल काढून, ठोका आल्यावरच ३-४ डेसिबल उतरेल असा थ्रेशोल्ड (काम सुरू होण्याची पातळी) लावा. अटॅक शक्य तितका चपळ, रिलीज ५० ते ८० मिलिसेकंद. साधा ईक्यू लावून हाच पट्टा कायमचा कापला तर स, श, च, त ही व्यंजनंही जातील, कारण तीही तिथेच राहतात. शब्द कळावेत म्हणून केलेला उपाय शब्दच पुसतो. डी-एसरही (टोचणारे ‘स’ आपोआप दाबणारं साधन) या ट्रॅकवर लावू नका. तो टाळांचा प्रत्येक ठोका ‘स’ समजून दाबत बसेल आणि बुवा बोबडे बोलल्यासारखे वाटतील. खरोखर टोचणारे ‘स’ आणि ‘श’ शोधून हाताने उतरवा. लक्षात ठेवा, ‘श’चा जोर ‘स’पेक्षा बराच खाली, ३ ते ५ हजारांत असतो.

पखवाजाचा माइक बुवांच्या माइकपासून दीड मीटरवर असेल, तर पखवाजाची थाप बुवांच्या माइकमध्ये सुमारे साडेचार मिलिसेकंद उशिरा पोहोचते. दोन्ही एकत्र झाल्यावर काही कंप्रता एकमेकींना खातात आणि कणकेच्या बाजूचा ‘धा’ पोकळ होतो. पखवाजाचा ट्रॅक तेवढाच उशिरा सुरू होईल असा सरकवून ऐका, मग पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून ऐका. ज्या जोडीत खर्ज भरीव लागेल ती ठेवा. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावायची गरज नाही. सभामंडपाने ती आधीच दिली आहे.

पुढच्या वेळी मात्र हे भांडण बसण्याच्या जागेवरच मिटवा. मुंबईत चित्रपटांची गाणी एकाच ट्रॅकवर मुद्रित होत होती, तेव्हा तोल साधला जायचा तो वादकांना माइकच्या पुढे-मागे बसवून. अंतर हाच फेडर होता, आणि देवळात आजही तोच सर्वांत चांगला फेडर आहे. बुवांचा माइक तोंडापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर १५वर आणा. आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, तेवढा गेन कमी करता येतो आणि टाळांची गळती तेवढीच खाली जाते. जवळ आल्यामुळे खर्ज फुगेल, तो १५० हर्ट्झच्या खाली २-३ डेसिबल उतरवा. प, फ, भ यांचे फुत्कार टाळायला माइक तोंडासमोर न धरता जरा वर आणि तिरका लावा. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) पाठीमागून सर्वांत बहिरा असतो, तर सुपरकार्डिऑइड साधारण १२५ अंशांवर, म्हणजे मागच्या दोन बाजूंना. टाळकरी बुवांच्या मागे उभे राहिले तर ते माइकच्या बरोबर तोंडापुढे येतात, आणि नेमकं तेच बहुतेक मंडळांत होतं. त्यांना बुवांच्या समोर, माइकच्या पाठीला, निदान दोन मीटर लांब अर्धवर्तुळात उभं करा. बुवांना टाळकरी दिसतात, लयही सुटत नाही.

प्रश्न (विरार): १० बाय १०च्या खोलीत मिक्स करतो. स्पीकर चांगले आहेत. खोलीत बेस बरोबर वाटतो, गाडीत गाणं घुमतं आणि फोनवर ढोलकीच गायब होते. अंड्यांचे ट्रे लावून झाले.

उत्तर: दोन्ही तक्रारींचं मूळ खोलीच्या मापात आहे. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर धरला, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली स्थिर लहर ५७ हर्ट्झला उभी राहते आणि दुसरी ११४ला. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्ही दिशांच्या लहरी एकाच जागी येतात. तुम्ही खोलीच्या मध्यावर बसत असाल तर तिथे ५७ जवळपास ऐकूच येत नाही आणि ११४ दुप्पट ऐकू येतो. म्हणून तुम्ही ५७ वाढवता, ते गाडीत घुमतं. ११४ कापता, तिथेच ढोलकीचं अंग असतं, ते फोनवर उरत नाही.

खुर्ची समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर घ्या, डावी-उजवी भिंत सारख्या अंतरावर ठेवा. एवढ्यानेच निम्मं काम होतं. कोपऱ्यांत ४ इंच जाडीचे रॉकवूलचे पॅनल, घनता घनमीटरला ४८ किलोच्या आसपास, भिंतीपासून ३-४ इंच सोडून उभे करा. ही फट दोन कारणांनी हवी. एक तर पॅनल जास्त खालपर्यंत काम करतं. दुसरं म्हणजे पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला ते चिकटत नाही, नाहीतर सप्टेंबरपर्यंत मागच्या कापडावर बुरशी येते. पैसे नसतील तर कापसाच्या दोन जुन्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा. अंड्यांचे ट्रे काढून टाका. ते फक्त वरच्या कंप्रता थोड्या विखुरतात, खर्जाला त्यांचा पत्ताच नसतो.

५७ मात्र एवढ्याने आटोक्यात येणार नाही. त्या लहरीची लांबी सहा मीटर आहे. तेव्हा ८० हर्ट्झच्या खालचे निर्णय त्या खोलीत कानाने घेऊ नका. हेडफोन लावा आणि त्याच जातीचं एखादं चांगलं गाणं शेजारी ठेवून ताडून बघा. ते गाणं मास्टर झालेलं असतं, म्हणून आधी ६-८ डेसिबल खाली आणून तुमच्या मिक्सच्या पातळीला बसवा. नाहीतर जे जोरात वाजतं तेच चांगलं वाटतं. रिव्हर्बची पातळी हेडफोनवर ठरवू नका. तिथे ती जास्त ऐकू येते आणि मिक्स कोरडं राहतं.

फोनवर ढोलकी हवी असेल तर खर्ज वाढवून उपयोग नाही, फोनच्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नाही. ढोलकीच्या ट्रॅकची प्रत काढा, त्यावर हलकं सॅच्युरेशन (वरचे स्वरांश वाढवणारी सौम्य विकृती) लावा, २०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळा. खर्जाच्या स्वराचे वरचे स्वरांश (त्याच्या पटीतले वरचे स्वर) ऐकू आले की कान खालचा स्वर आपणहून भरून घेतो.

प्रश्न (मुलुंड): पेटी आणि गायकाचा आवाज एकमेकांत मिसळून चिखल होतो. ईक्यू करून दमलो. गायक काळी एकमध्ये (पहिल्या काळी पट्टीला षड्ज धरून) गातात, पेटी खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सुरांचे दोन संच असलेली) आहे.

उत्तर: पेटी गायकाच्या मागे तेच स्वर वाजवते, तेव्हा दोघांचे मूळ स्वर ईक्यूने वेगळे होणं शक्यच नाही. काळी एकचा पुरुषी षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ. खर्जाचा संच उघडा असेल तर प्रत्येक स्वराखाली एक सप्तक खालचा स्वरही वाजतो आणि गायकाच्या छातीच्या आवाजाची जागा भरून टाकतो. शक्य असेल तर गायनाच्या ओळींना फक्त नर संचावर पुन्हा वाजवून घ्या आणि खर्ज मधल्या संगीतापुरता उघडा. ते जमत नसेल तर पेटीचे २५० ते ४०० हर्ट्झ ३ डेसिबल उतरवा. आवाज आला की पेटीचे १५०० ते ३००० हर्ट्झ २ डेसिबल खाली जातील असा साइडचेन (एका ट्रॅकच्या इशाऱ्यावर दुसरा दाबणारी जोडणी) लावा. पेटी थोडी डावीकडे सरकवा, आणि आवाजाची रिव्हर्ब तिला देऊ नका. रिव्हर्बच्या परतीवर (तिच्या वेगळ्या ट्रॅकवर) ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ७ हजारांच्या वरचं कापून टाका. चिखलातला बराचसा भाग तिथूनच येतो.

एक जागा मात्र ईक्यूने कधीच सुटणार नाही, ती म्हणजे शुद्ध गंधारावरचा मुक्काम. तानपुऱ्यावर गाणारा गायक षड्जाच्या सव्वापट, म्हणजे १७३.२ हर्ट्झवर उभा राहतो. पेटी समान अंतराच्या सप्तकात लावलेली असल्याने ती १७४.६ वाजवते. फरक १४ सेंटचा (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). दोघं लांब थांबले की सेकंदाला सव्वा ते दीड वेळा या गतीने आवाज थरथरतो आणि वरच्या स्वरांशांत ही थरथर आणखी जलद होते. ऐकणाऱ्याला ती गढूळपणासारखी लागते. गायकाला ऑटोट्यूनने (सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या साधनाने) पेटीवर ओढू नका. तसं केलंत तर तो तानपुऱ्याशी बेसूर होईल, आणि मींड पायऱ्यांसारखी तुटेल ती वेगळीच. त्या मुक्कामापुरती पेटी ४ डेसिबल खाली आणा, स्वर सुटला की वर घ्या. पेटीवादक जाणकार असेल तर तो तिथे स्वतःच हात हलका करतो.

प्रश्न (गिरगाव): गाणं किती लफ्सला (एलयूएफएस, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) द्यावं? तेच गाणं गणपतीत मंडपातही वाजणार आहे.

उत्तर: स्पॉटिफाय आणि यूट्यूब उणे १४ लफ्सच्या आसपास पातळी सारखी करतात, ॲपल म्युझिक उणे १६ला. त्याहून जोरात दिलेलं गाणं ते खाली आणतात, त्यामुळे चिरडून मोठं केल्याचा फायदा उरत नाही, फक्त चिरडणं उरतं. मिक्स करताना या आकड्याकडे बघूच नका. मास्टरमध्ये ट्रू पीक (लहरीचं खरं शिखर) उणे १ डेसिबलच्या आत ठेवा.

मंडपात पातळी सारखी करणारं कोणी नसतं. त्यासाठी वेगळी प्रत काढा: उणे १० लफ्सपर्यंत, ४० हर्ट्झच्या खाली काहीही नको, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. वरच्या भोंग्यांमध्ये २ ते ४ हजार हर्ट्झ टोचतात, ते २ डेसिबल उतरवा. रिव्हर्ब निम्मी करा, गिरगावातल्या समोरासमोरच्या चाळींच्या भिंती ती वाढवूनच परत देतात. फाइलच्या नावात ‘मंडप’ लिहा, म्हणजे हीच प्रत चुकून अपलोड होणार नाही.